ग्रामीण गोव्यातील आमचा वृद्धाश्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या कुळागरांच्या (सुपारी-नारळाच्या बागांच्या) गावात असलेले हे घर जुने आहे. चौकशीची पद्धत मात्र काळाप्रमाणे बदलत गेली. पूर्वी पत्रे येत, नंतर फोन येऊ लागले आणि आता बहुतेक विचारणा व्हॉट्सअॅपवर, पुष्कळदा रात्री उशिरा होते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत येथे दिले आहेत. एकाच मुद्द्याचा संबंध दोन प्रश्नांशी असेल तेथे उत्तर एकदाच दिले असून दुसऱ्या ठिकाणी प्रश्नाचा क्रमांक नोंदवला आहे.

१. तुमच्याकडे कोणाला प्रवेश मिळतो?

वयाची साठ वर्षे पूर्ण झालेल्या आणि येथे राहण्यास स्वतः तयार असलेल्या कोणालाही मिळतो. जात, धर्म आणि तालुका विचारला जात नाही. हिंदू आणि कॅथलिक निवासी येथे एकाच पंगतीला बसत आले आहेत. पतिपत्नी एकत्र येणार असतील तर त्यांना एकच खोली दिली जाते आणि त्यांच्यापैकी एकाचे वय साठीच्या आत असले तरी अडवले जात नाही. ज्यांना सतत रुग्णालयातील यंत्रांची गरज आहे किंवा ज्यांचा मानसिक आजार सध्या उपचारांविना उफाळलेला आहे, त्यांना मात्र आम्ही घेऊ शकत नाही. अशा वेळी आधी बांबोळी येथील मनोरुग्णालयात उपचार सुरू करावेत आणि प्रकृती स्थिरावल्यावर आमच्याकडे यावे.

२. सरकारी वृद्धाश्रमात आणि तुमच्यात फरक काय?

गोव्यात ‘प्रोव्हेदोरिया’ या नावाने ओळखली जाणारी सरकारी सार्वजनिक साहाय्य संस्था पोर्तुगीज काळापासून निराधारांसाठी काम करते आणि तिचे वृद्धाश्रम राज्यात अनेक ठिकाणी आहेत. ज्यांना आधार नाही आणि उत्पन्नही नाही, त्यांनी प्रथम तेथे अर्ज करावा, असे आम्ही स्वतःहून सुचवतो. आमचे घर विश्वस्त संस्थेचे आहे. येथे मासिक शुल्क आकारले जाते आणि काही जागा देणग्यांवर चालवल्या जातात.

३. महिन्याच्या शुल्कात काय काय येते?

खोली, चार वेळचे खाणे, कपडे धुणे, मदतनीस, नर्सची देखरेख आणि आमच्या डॉक्टरांची नियमित तपासणी शुल्कात येते. औषधे, डायपर, रक्ततपासण्या, रुग्णालयाचा खर्च आणि रुग्णालयात सोबतीला ठेवलेल्या माणसाची मजुरी वेगळी द्यावी लागते. शुल्काचे तीन स्तर आहेत : स्वतः हिंडणारेफिरणारे, आधाराने चालणारे आणि अंथरुणावर असलेले. स्तर बदलायचा असेल तर महिनाभर आधी लेखी कळवले जाते. डिपॉझिट घेतले जाते, ते परत केले जाते आणि त्याची रीतसर पावती मिळते. पावतीशिवाय कोणीही, कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत.

४. येताना कोणती कागदपत्रे आणावीत?

आधार कार्ड, निवासाचा दाखला, दोन नातेवाइकांचे किंवा जवळच्या परिचितांचे पत्ते, जुने वैद्यकीय कागद, आरोग्य विम्याची कार्डे आणि बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणावी. मूळ पासबुक आणि एटीएम कार्ड आम्ही ठेवून घेत नाही.

सगळ्यांत महत्त्वाची असते ती औषधांची पिशवी. घरात असलेली सगळी औषधे, बंद पडलेलीसुद्धा, एकाच पिशवीत भरून आणावीत. आमची नर्स ती पिशवी टेबलावर रिकामी करते आणि एकेक पट्टी उलटून त्यावरचे बारीक अक्षरांतले मूळ नाव वाचते. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी आणि गावच्या डॉक्टरांनी वेगळ्या कंपनीच्या नावाने दिलेली गोळी ही एकच असल्याचे असे किती तरी वेळा उघडकीस येते. म्हातारी माणसे इमानाने दोन्ही गोळ्या घेत असतात आणि ‘आईला हल्ली चक्कर येते’ म्हणून घरचे लोक तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलेले असतात.

५. आईला सांगितले तर ती तयार होणार नाही. ‘मंगेशीला दर्शनाला जाऊ’ म्हणून आणून सोडले तर चालेल का?

नाही. प्रवेशाच्या अर्जावर निवाशाची स्वतःची सही किंवा अंगठा लागतो. तो घेण्यापूर्वी आमच्यातील एक जण त्यांच्याशी, मुलांना बाहेर बसवून, एकांतात बोलतो. हा नियम आम्ही कोणासाठीही शिथिल करत नाही, मग शुल्क कोणीही भरणार असो. फसवून आणलेले माणूस येथे स्थिरावायला फार वेळ लागतो आणि काही जण कधीच स्थिरावत नाहीत. मुलावरचा विश्वास उडालेला असतो, आणि ज्या घराने त्यात साथ दिली त्या घरातल्या माणसाच्या हातची गोळीही मग घेववत नाही.

यावर उपाय आहे, पण तो सावकाशीचा आहे. आधी एक दिवस जेवायला घेऊन या. येथे कोणी ओळखीचे, गावचे किंवा माहेरच्या बाजूचे निघते का ते पाहा, कारण गोवा लहान आहे आणि बहुधा निघतेच. त्यानंतर पंधरा दिवसांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी यावे. त्या मुक्कामाला डिपॉझिट लागत नाही. आईला स्मृतिभ्रंश असेल आणि संमतीचा अर्थच समजत नसेल तर वेगळा विचार करावा लागतो, त्यासाठी प्रश्न १२ पाहावा.

६. राहायला आल्यावर आठ दिवसांत ‘मला घरी न्या’ म्हणाली तर?

सुरुवातीचे काही आठवडे असे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. अशा वेळी रोज फोन करून ‘रडू नकोस’ असे सांगण्यापेक्षा आठवड्यातून एक ठरलेला वार धरून प्रत्यक्ष येणे अधिक उपयोगी पडते. वार ठरला की वाट पाहण्याला आकार येतो. तरीही काही काळाने मत तेच राहिले, तर निर्णय त्यांचा आहे. शुद्धीवर असलेल्या सज्ञान व्यक्तीला तिच्या इच्छेविरुद्ध ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही, मुलांनाही नाही. अशा वेळी आम्ही मुलांना बोलावून घरी काय व्यवस्था करता येईल ते ठरवतो. दिवसा येणारी बाई, न्हाणीघरातील दांड्या आणि शेजाऱ्यांकडे चावी एवढ्यावरही पुष्कळदा भागते.

७. दिवस कसा जातो? नुसते बसून राहावे लागते का?

पहाटे उठणाऱ्यांना पाचलाच चहा मिळतो, कारण आयुष्यभर कुळागरात शिंपणे करणारा माणूस सातपर्यंत अंथरुणात पडून राहू शकत नाही. पोदेराची (पाववाल्याची) घंटा वाजली की काही जण फाटकाशी जातात. दहाच्या सुमारास पेज होते. त्यानंतर कोणी फुले वेचतो, कोणी सुपाऱ्या सोलतो, तर कोणी भाजी निवडून देतो. ही कामे ऐच्छिक आहेत, त्यांची सक्ती नाही आणि त्यांच्यामुळे शुल्कही कमी होत नाही, परंतु हाताला सवयीचे काम मिळाले की माणसाची भूक आणि झोप सुधारते, असा आमचा अनुभव आहे. अकराला मराठी वर्तमानपत्राचे मोठ्याने वाचन होते. निधनवार्ता आधी वाचाव्यात असा आग्रह असतो आणि तो पाळला जातो. संध्याकाळी एका बाजूला भजन आणि दुसऱ्या बाजूला तेर्स (कॅथलिकांची जपमाळेची प्रार्थना) चालतो. गुरुवारी फिजिओथेरपिस्ट येतात.

हाक कशी मारावी हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. निवृत्त शिक्षकांना सगळे ‘मास्तर’ म्हणतात, काहींना नावापुढे ‘बाब’ किंवा ‘बाय’ लावलेले आवडते आणि कॅथलिक बायकांना बहुधा ‘आंटी’ चालते. सरसकट सगळ्यांना ‘आजी-आजोबा’ म्हणणे आम्ही टाळतो. ज्यांना नातवंडे नाहीत त्यांना ती हाक बोचू शकते.

८. जेवण कसे असते? शिवराक (शाकाहारी) लोकांची सोय वेगळी आहे का?

आहे. चूल आणि भांडी वेगळी आहेत. सोमवारी आणि श्रावणात पुष्कळ जण आपणहून शिवराक जेवतात. इतर दिवशी दुपारी उकड्या तांदळाचा भात, हुमण (माशाचे कालवण), एखादी भाजी आणि सोलकढी असते. दात नसलेल्यांना काटेरी नुस्ते (मासे) दिले जात नाही. मोठ्या माशाची तुकडी काटे काढून, कालवून दिली जाते.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि तेव्हा घरोघरी खारे नुस्ते निघते. भेटीला येणारे प्रेमाने गालमो (सुका जवळा), सुके बांगडे आणि तोरांचे (कैऱ्यांचे) लोणचे आणतात. या प्रत्येकात भरपूर मीठ असते. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्या माणसाच्या पायांना चार दिवसांत सूज येण्यास ते पुरेसे ठरते. म्हणून आणलेले पदार्थ आधी स्वयंपाकघरात द्यावेत. ते फेकले जात नाहीत, ज्याला चालते त्याला चालते तेवढे वाढले जातात. मधुमेह असलेल्यांना पेज अजिबात चालत नाही, ही समजूत बरोबर नाही. तिचे प्रमाण आणि सोबत काय खाल्ले जाते, यावर ते अवलंबून असते.

९. स्वतःचे सामान, देव्हारा किंवा पलंग आणता येतो का?

कपाटात आणि पलंगाखाली मावेल ते सगळे आणावे. देव, क्रूस, फोटो आणि रेडिओ अवश्य आणावा. सोने आणू नये. स्वतःचा पलंग आणायचा असल्यास त्याची उंची आम्ही मोजून पाहतो. त्याचे कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

१०. गाव आडबाजूला आहे. रात्री काही झाले तर डॉक्टर कसे मिळणार?

हा प्रश्न प्रत्येकाने विचारला पाहिजे. रात्री एक नर्स जागी असते, डॉक्टर फोनवर असतात आणि १०८ ही रुग्णवाहिका बोलावली जाते. जवळचे मोठे सरकारी रुग्णालय फोंड्याचे असून गंभीर रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेले जातात. शहराइतक्या वेगाने आम्ही तेथे पोचू शकत नाही, हे प्रवेशाआधी लक्षात घ्यावे.

म्हणूनच ओळखण्यात वेळ जाऊ नये, यावर आमचा भर असतो. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा बोबडे बोलणे यांपैकी काहीही दिसले की ‘झोपल्यावर बरे वाटेल’ म्हणून थांबायचे नाही, हे स्वयंपाकघरातल्या बायकांनाही शिकवलेले आहे. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यामुळे ‘शेवटचे व्यवस्थित कधी पाहिले’ याची वेळ आम्ही लिहून ठेवतो. नातेवाइकांना फोन रुग्णवाहिका बोलावल्यानंतर केला जातो. त्यांच्या परवानगीची वाट पाहिली जात नाही.

११. बाबा घरी दोनदा पडले. तुमच्याकडे पडणार नाहीत याची खात्री द्याल का?

खात्री देता येत नाही आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पलंगाला बांधून ठेवले तरच ती खात्री मिळते, आणि आम्ही कोणालाही बांधून ठेवत नाही. पडण्याची शक्यता कमी करणे मात्र हातात असते. बहुतेक जण रात्री लघवीला उठताना पडतात. त्यामुळे पलंगावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील इतकीच पलंगाची उंची असावी, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा असावा, भिंतीला दांडी असावी आणि पायांत सैल सपाता नसाव्यात. उठल्यावर मिनिटभर काठावर बसून मगच उभे राहण्याची सवय लावली जाते. झोपेच्या गोळ्या हे पडण्याचे एक मोठे कारण असल्याने आमचे डॉक्टर त्या हळूहळू कमी करत जातात. घरच्यांनी ‘बाबांना झोप लागत नाही’ म्हणून परस्पर गोळ्या आणून देऊ नयेत.

खुब्याचे हाड मोडले तर वय पाहून शस्त्रक्रिया टाळण्याकडे घरच्यांचा कल असतो. प्रकृती परवानगी देत असेल तर ती पहिल्या दोन दिवसांत होणे चांगले असते, कारण पडून राहण्यानेच पुढचे बहुतेक त्रास ओढवतात.

१२. आईला स्मृतिभ्रंश आहे. ती कोणालाच ओळखत नाही. तुम्ही सांभाळाल का?

सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यातील व्यक्तींना सांभाळतो. संमती समजण्याच्या पलीकडे प्रकृती गेलेली असेल तर सगळ्या मुलांची लेखी सहमती आणि डॉक्टरांचा दाखला घेतला जातो. तरीही येणाऱ्या व्यक्तीला तिच्या भाषेत, तिला समजेल तितके सांगितलेच जाते.

संध्याकाळची वेळ सर्वांत कठीण असते. दिवस कलला की कित्येकांना घरी जायचे असते. आमच्याकडच्या एक बाय रोज तिन्हीसांजेला फाटकाशी येऊन उभ्या राहत, ‘दिवा लावायचा आहे, सोडा मला’ म्हणत आणि अडवले की रागावत. त्यांना समजावण्याचे सगळे प्रयत्न फसल्यावर एका मदतनीस मुलीने साडेपाचच्या सुमारास त्यांच्या पुढ्यात कापूस ठेवला आणि ‘आजच्या वाती राहिल्यात’ एवढेच म्हटले. त्या बसल्या, वाती वळल्या आणि नंतर दोघींनी मिळून तुळशीपाशी दिवा लावला. तेव्हापासून तो त्यांचा नेम झाला. ‘तुमचे घर आता हेच’, ‘तुमचे यजमान वारले’ असे सत्य रोज नव्याने सांगण्याने त्या माणसाला रोज नवा आघात होतो. भेटीला येणाऱ्या मुलांनीही ‘मला ओळखलेस का?’ अशी परीक्षा घेऊ नये. आपले नाव सांगून शेजारी बसावे.

शेवटच्या टप्प्यात गिळणे थांबते तेव्हा नाकातून नळी घालण्याचा आग्रह होतो. या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढते असे अभ्यासांतून दिसलेले नाही. चमच्याने, माणसाला हवे तेवढेच, सावकाश भरवणे आम्ही पसंत करतो. हा निर्णय कसा नोंदवावा यासाठी प्रश्न २१ पाहावा.

१३. कालपर्यंत ठीक असलेले वडील आज अचानक असंबद्ध बोलू लागले. हा स्मृतिभ्रंशच का?

बहुधा नाही. स्मृतिभ्रंश महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने येतो. तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालेला बदल हे शरीरातील बिघाडाचे लक्षण समजावे. त्याची नेहमीची कारणे म्हणजे लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, साखर उतरणे, नवे औषध, तुंबलेली लघवी आणि साधा मलावरोधसुद्धा. म्हातारपणी संसर्गात ताप येईलच असे नाही. घरी असे घडले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

१४. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून काय करता?

साधारण दर दोन तासांनी कूस बदलली जाते आणि त्याची वेळ पलंगाला लावलेल्या तक्त्यावर लिहिली जाते. भेटीला आलेल्या नातेवाइकांनी तो तक्ता जरूर वाचावा आणि रकाना रिकामा दिसला तर विचारावे. हवेची गादी मदत करते, परंतु कूस बदलण्याची जागा ती घेऊ शकत नाही. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज पाहिल्या जातात. काळसर त्वचेवर सुरुवातीची लाली दिसत नाही, म्हणून बोटांनी चाचपून उष्णता किंवा कडकपणा लागतो का ते पाहावे लागते. टाचा मोकळ्या राहाव्यात यासाठी उशी पोटरीखाली ठेवली जाते.

१५. पावसाळ्यात येथे राहणे अवघड होत नाही का?

होते. वीज जाते, झाड पडून रस्ता बंद होतो, कपडे वाळत नाहीत आणि ओलसर कपड्यांमुळे जांघेत व स्तनांखाली बुरशी होते. जनरेटर आहे आणि ऑक्सिजनचे यंत्र वापरणाऱ्यांसाठी भरलेले सिलिंडर वेगळे ठेवलेले असतात. मे अखेरीस प्रत्येकाची महिनाभराची औषधे भरून घेतली जातात. पाऊस असला तरी पाणी पिण्याची आठवण करावी लागते, कारण वयाबरोबर तहान लागल्याचे कळेनासे होते.

१६. बाबांना रोज रात्री थोडी फेणी लागते. बंद करावी लागेल का?

डॉक्टर ठरवतात. झोपेच्या, फिटच्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, इन्सुलिन अथवा यकृताचा आजार असेल तर बंद करावीच लागते. वर्षानुवर्षे रोज घेणाऱ्याची फेणी एकाएकी तोडणे धोक्याचे असते, म्हणून प्रवेशाच्या वेळी खरे प्रमाण सांगावे. लपवले तर तिसऱ्या दिवशी थरथर आणि भ्रम सुरू होतो आणि आम्ही कारण शोधत बसतो. विडी-सिगारेट फक्त अंगणात चालते.

१७. चवथीला घरी नेता येईल का? परदेशातून भेट कशी घ्यावी?

चवथीला अवश्य न्यावे. नाताळला, शिगम्याला आणि गावच्या जत्रेलाही न्यावे. औषधे दिवसांप्रमाणे पुड्या बांधून दिली जातात. एवढेच पाहावे की मूळ घरी पाहुण्यांच्या गर्दीत त्यांना झोपायला जागा, रात्रीचा दिवा आणि जवळचे न्हाणीघर मिळेल. जे घरी जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी येथे दीड दिवसाचा गणपती असतो आणि माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) निवासीच सांगून बांधून घेतात. त्यातली कांगलां ही रानफळे कुठे लावायची यावर दरवर्षी वाद होतो आणि तो व्हावा असेच आम्हाला वाटते.

मुलगा तारवटी (जहाजावर नोकरीला) असेल, आखातात किंवा इंग्लंड-पोर्तुगालमध्ये असेल तर व्हिडिओ कॉलची वेळ आधी ठरवावी. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी आमचा माणूस शेजारी बसतो.

१८. पेन्शन, दयानंद योजना आणि आरोग्य विमा येथे राहिल्यावर चालू ठेवण्यासाठी काय करावे?

पैसे निवाशाच्या स्वतःच्या खात्यात येतात आणि तसेच यावेत. समाजकल्याण खात्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठांना दरमहा २००० रुपये मिळतात. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि पत्ता बदलल्यास खात्याला लेखी कळवावे. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो, तर ८० वर्षांवरील व्यक्ती तो १ ऑक्टोबरपासून देऊ शकतात. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत अशा शेतकरी बायकांची त्यामुळे मोठी सोय झाली आहे.

राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांसाठी आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतची सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. या योजना रुग्णालयातील उपचारांसाठी आहेत, डायपर किंवा मदतनीस यांचा खर्च त्यांतून मिळत नाही.

१९. मुलगा खर्च द्यायला नकार देतो. काही करता येते का?

येते. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीचा कायदा २००७ चा आहे. अर्ज उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाकडे करायचा असतो आणि नोटीस दिल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. अपवादात्मक परिस्थितीत त्यात ३० दिवसांची वाढ होते. कायद्याप्रमाणे महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. आईवडिलांना साठीची अट नाही. ज्यांना मूलबाळ नाही असे ज्येष्ठ नागरिक, त्यांची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे त्या नातेवाइकाकडे, खर्च मागू शकतात. ज्येष्ठांना सोडून देणे हा याच कायद्याने गुन्हा असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

गोव्यातील अडचण वेगळीच असते. हा कायदा परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना लागू होतो, परंतु मुलाने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले असेल तर प्रकरण गुंतागुंतीचे होते आणि वकिलाचा सल्ला घ्यावाच लागतो. अर्ज करण्याआधी ज्येष्ठांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीला १४५६७ या क्रमांकावर फोन करावा.

२०. घर आश्रमाच्या किंवा मुलाच्या नावे करून द्यावे का? मुंडकाराचे (जमीनमालकाच्या जागेत राहणाऱ्याचे) घर बंद केले तर काय होईल?

आश्रमाच्या नावे करू नये, आम्ही असे दानपत्र निवाशाच्या हयातीत स्वीकारत नाही. सांभाळण्याच्या बदल्यात घर लिहून घेणारी संस्था असो वा व्यक्ती, तिच्यापासून दूर राहावे.

मुलाच्या नावे करायचेच असेल तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तऐवजात लिहून घ्यावेत. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडल्यास ते हस्तांतरण रद्द करून घेता येते, मात्र अट लिहिलेली नसेल तर ती सिद्ध करणे कठीण जाते. गोव्यात समान नागरी कायदा असल्याने आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर मालमत्तेत पती आणि पत्नी यांचा निम्मा-निम्मा हक्क असतो, त्यामुळे विधवा आई ‘मुलाच्या घरात’ राहत नसून पुष्कळदा स्वतःच्या निम्म्या घरात राहत असते. मुले असलेल्या व्यक्तीला मृत्युपत्राने फक्त निम्म्या मालमत्तेची विल्हेवाट लावता येते, उरलेली निम्मी वारसांसाठी राखीव असते. आईच्या सहीसाठी कोरे कागद घेऊन येणाऱ्यांना आम्ही फाटकावरूनच परत पाठवतो.

मुंडकारांना १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे. परंतु घराची नोंदणी किंवा खरेदी पूर्ण झालेली नसेल तर कुलूप लावून येथे येण्यापूर्वी मामलेदार कार्यालयात कागद तपासावेत. या भीतीनेच कित्येक जण एकाकी घरात राहतात, म्हणून हे आधी उरकावे.

२१. ‘मला शेवटी यंत्रांवर ठेवू नका’ असे आई म्हणते. ते लिहून ठेवता येते का?

येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तत्कालीन न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी २०२४ मध्ये येथे स्वतःचे इच्छापत्र केले तेव्हा हा विषय गोव्यात घरोघरी पोचला. त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहावे. उपचार थांबवण्याचा निर्णय रुग्णालयातील दोन वैद्यकीय मंडळे तपासतात, तो आश्रम घेत नाही. यंत्रे नाकारणे म्हणजे वेदनांवरचे उपचार नाकारणे नव्हे, हे आईला आणि भावंडांनाही समजावून सांगावे.

२२. आम्हा भावंडांत एकमत नाही. तुम्ही कोणाचे ऐकता?

निवाशाचे. त्यांना बोलता येत नसेल तर त्यांनी लिहून ठेवलेल्या व्यक्तीचे. तसे लिहिलेले नसेल तर सगळ्यांना एकत्र बसवले जाते आणि तोवर डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार चालू राहतात. शुल्क भरणाऱ्याचे मत त्यामुळे वजनदार ठरत नाही. एका भावाने दुसऱ्याच्या भेटीवर बंदी घालावी असे सांगणारे फोन येतात. बंदी फक्त निवासीच घालू शकतात.

२३. मृत्यू झाल्यास पुढे काय होते?

आमचे डॉक्टर तपासून दाखला देतात आणि नातेवाइकांना कळवले जाते. परदेशातून कोणी यायचे असल्यास शवागाराची व्यवस्था केली जाते. अंत्यविधी त्या व्यक्तीच्या धर्माप्रमाणे आणि तिने सांगून ठेवल्याप्रमाणे होतात. कोणीच आले नाही तर विश्वस्त आणि गावकरी ते करतात. देहदान करायचे असल्यास गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे हयातीतच नोंद करावी आणि तिची प्रत आमच्या फाइलीत ठेवावी, कारण वारसांनी हरकत घेतली तर त्या क्षणी वाद घालायला वेळ नसतो. सामानाची यादी प्रवेशाच्या दिवशी केलेली असते. त्याच यादीवर सही घेऊन सामान आणि डिपॉझिट, निवाशाने नाव दिलेल्या व्यक्तीच्या स्वाधीन केले जाते. उरलेली औषधे परत दिली जात नाहीत, तसेच ती दुसऱ्या निवाशासाठीही वापरली जात नाहीत.